ससा विंचरून घेत नाही, तेव्हा

वाचकांचे प्रश्न

पाऊस संपून ऑक्टोबरचं ऊन सुरू झालं की सशांचे केस गळायला लागतात. नंतर फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा. घरात वाढणाऱ्या सशांचं हे वेळापत्रक थोडं मागेपुढे होतं, पण वर्षातून दोन मोठ्या गळती आणि मध्ये लहानसहान गळती हा त्यांचा नेम आहे. त्यामुळे या अंकात सशांबद्दलच्या पत्रांनाच जागा दिली आहे.

आमचा ससा दोन वर्षांचा आहे, मानेभोवती लांब आयाळ आहे. हात फिरवला तर डोळे मिटून पडून राहतो. पण ब्रश घेऊन मांडीवर घेतलं की लाथा झाडतो, दोनदा चावलासुद्धा. जबरदस्ती करावी की नाद सोडावा? — एक वाचक, कोथरूड

नाद सोडता येणार नाही, आणि जबरदस्ती तर मुळीच नको. तुमच्या पत्रातच अर्धं उत्तर आहे. त्याला हात आवडतो, म्हणजे स्पर्शाची अडचण नाही. अडचण बहुतेक मांडीची आहे. ससा हा शिकार होणारा प्राणी. जमिनीवरून उचललं जाणं याचा त्याच्या लेखी एकच अर्थ असतो, कुणीतरी आपल्याला पकडलं. मग तो जिवाच्या आकांताने लाथा मारतो, आणि इथेच खरा धोका आहे. सशाच्या मागच्या पायांत जोर भरपूर, पण हाडं हलकी. मागचा भाग आधाराशिवाय लोंबकळत असताना त्याने जोरात लाथ झाडली तर कमरेचा मणका मोडू शकतो आणि मागचे पाय कायमचे जाऊ शकतात. काही जण सशाला उताणा करतात, मग तो निपचित पडतो आणि 'बघा, कसा शांत झाला' असं वाटतं. तो शांत झालेला नसतो, भीतीने थिजलेला असतो. हा उपाय करू नका.

विंचरायचं ते जमिनीवरच. फ्लॅटमधल्या गुळगुळीत फरशीवर सशाचे पाय घसरतात, कारण कुत्र्यामांजरांसारख्या गाद्या त्याच्या तळव्यांना नसतात, नुसते केस असतात. पाय घसरला की तो आधीच बिथरतो. म्हणून खाली सतरंजी किंवा योगा मॅट घाला. तुम्ही पाय पसरून बसा आणि ससा दोन पायांच्या मधे राहील असं बघा. त्याला धरून ठेवू नका. नाकासमोरचं त्याला नीट दिसत नाही, त्यामुळे हात समोरून नाकाशी न नेता बाजूने, कपाळाच्या वरून न्या.

पहिले तीन-चार दिवस ब्रश नुसता सतरंजीवर ठेवा. तो हुंगेल, हनुवटी घासेल. हनुवटी घासली की ब्रशला त्याचा वास लागला, म्हणजे वस्तू ओळखीची झाली. मग कपाळ, कानांच्या मधली जागा आणि गाल हाताने कुरवाळा. ससे एकमेकांना चाटतात ते याच जागी. हाताचे चार-पाच फेरे झाले की पाठीवरून एकदाच हलका ब्रश आणि लगेच कोथिंबिरीची काडी. अर्ध्या मिनिटात आटपा. असे काही दिवस गेले की एक मिनिट, मग दोन. पाच मिनिटांच्या वर एकदम कधीच नको. गळतीच्या दिवसांत दिवसातून दोनदा दोन-दोन मिनिटं केलेलं केव्हाही चांगलं.

वेळही महत्त्वाची. पहाटे आणि संध्याकाळी ससा उड्या मारायच्या नादात असतो, तेव्हा तो थांबणार नाही. जेवणानंतर दुपारी पाय पसरून लोळलेला असतो, ती वेळ साधा.

क्रम असा ठेवा: पाठ, खांदे, कुशी, मग मागचा भाग. पोट, पाय आणि शेपटी शेवटी, तीही जमलं तर. पोटाखाली ब्रश अजिबात चालू न देणारे ससे पुष्कळ असतात, तिथे बोटांनीच सुटे केस काढा. आयाळीसाठी रुंद दातांचा कंगवा घ्या. केसांची बट मुळाशी दोन बोटांत धरायची आणि टोकाकडून विंचरत वर यायचं, म्हणजे ओढ कातडीपर्यंत पोचत नाही.

चावण्याबद्दल. ससा चावण्याआधी सांगत असतो. कान मागे चपटे होतात, पाठीची कातडी थरथरते, शेपटी उचलली जाते, पाय आपटतो. यातलं पहिलं दिसलं की थांबायचं. तो चावला आणि त्याच क्षणी तुम्ही ब्रश ठेवला, असं दोन-तीनदा झालं तर चावल्याने सुटका होते हे तो पक्कं शिकतो. चावण्याआधीच थांबलात तर हे शिकायची वेळच येत नाही.

आणि एक. आजवर मजेत विंचरून घेणारा ससा अचानक नको म्हणायला लागला, तर ते दुखणं समजा. सांधे, दात, कातडीखालचं गळू, काहीही असू शकतं. अशा वेळी सवय लावण्यात दिवस घालवू नका, डॉक्टरांना दाखवा.

दुकानातून बारीक तारांचा ब्रश आणला. सशाच्या पाठीवर लाल ओरखडे आले. मग वापरायचं काय? — एक वाचक, वाकड

तो ब्रश कुत्र्यांसाठी आहे. सशाची कातडी कागदासारखी पातळ असते आणि त्या वाकड्या तारांची टोकं थेट तिच्यात रुततात. पात्यासारखी धार असलेले 'केस काढणारे' ब्रशही नकोत. अंगावर केसांचं दाट अस्तर असतं म्हणून खालची इजा पटकन दिसत नाही, तुम्हाला दिसली हे बरं झालं.

आखूड केसांच्या सशाला सर्वांत उपयोगी म्हणजे रबराचे मऊ दाते असलेला ब्रश किंवा हातमोजा. लांब केसांच्या सशाला रुंद दातांचा धातूचा कंगवा, टोकं गोल असलेला. तुळशीबागेत मिळते ती उवांची बारीक फणी तपासणीपुरती जवळ ठेवा: मागच्या भागाचे केस, कानामागची जागा, कोंडा किंवा पिसवा बघायला. तिने सबंध अंग विंचरायला जाऊ नका, दाट केसांत अडकून ओढ बसते.

यातलं काहीच चालू देत नसेल तर तुमचे हात आहेतच. तळवे पाण्याने ओले करा, झटका, नुसता दमटपणा राहू द्या आणि मानेपासून शेपटीकडे हलक्या हाताने फिरवा. सुटे केस हाताला चिकटून येतात, घरभर उडत नाहीत. गळती जोरात असते तेव्हा कुशीला आणि मागे केसांचे पुंजके वर आलेले दिसतात. ते चिमटीत धरले की आपोआप सुटतात. सुटले नाहीत तर ओढू नका, त्यांची वेळ व्हायची आहे.

दर रविवारी आम्ही सशाला शांपूने आंघोळ घालतो, तरी मागची बाजू घाण राहते आणि वास येतो. पावसाळ्यात तर फार. काय करावं? — एक आजी, सदाशिव पेठ

आजी, आंघोळ आजपासून बंद करा. सशाचं आतलं अस्तर एकदा भिजलं की तासन्‌तास वाळत नाही. अंग गार पडतं, आणि पाण्यात धरून ठेवण्याचा धक्का तर इतका मोठा की त्यात ससे दगावतात. निरोगी ससा स्वतःला मांजरासारखा चाटून स्वच्छ ठेवतो. त्याला आंघोळ लागत नाही.

मागची बाजू घाण राहते, याचं कारण बहुतेक खाण्यात सापडेल. ससा दोन प्रकारच्या लेंड्या टाकतो. एक कोरड्या गोल, त्या आपल्याला दिसतात. दुसऱ्या मऊ, चकचकीत, घोसासारख्या. त्या तो थेट तोंडाने घेऊन खातो, त्यातून त्याला जीवनसत्त्वं मिळतात. पोळी, बिस्किट, केळं, गाजर, दुकानातला खुराक यांचं प्रमाण वाढलं की या मऊ लेंड्या जास्त आणि पातळ होतात, तो त्या खात नाही आणि त्या केसांना चिकटून बसतात. ससा लठ्ठ असेल किंवा म्हातारा होऊन पाठ वळत नसेल तर तोंडच तिथवर पोचत नाही. पोळी आणि बिस्किट पूर्ण बंद करा, गवत वाढवा. आठ-दहा दिवसांत फरक दिसला नाही तर डॉक्टरांनी दात, वजन आणि सांधे तपासायला हवेत.

तोवर सफाई अशी. घाण सुकलेली असेल तर तिच्यावर कॉर्नफ्लॉर भुरभुरवा, बोटांनी कुस्करा आणि फणीने काढा. टाल्कम पावडर नको, ती श्वासात जाते. ओली आणि चिकट असेल तर पसरट टबात दोन बोटं कोमट पाणी घ्या आणि फक्त मागचा भाग त्यात टेकवा. एक हात छातीखाली, एक मागे. साबण नको. मग टॉवेलने टिपून घ्या, चोळू नका. पूर्ण कोरडा झाल्याशिवाय पंख्याखाली सोडू नका.

पावसाळ्याचं तुम्ही लिहिलंत ते फार महत्त्वाचं आहे. घाणेरड्या, दमट केसांवर माश्या अंडी घालतात. उबदार हवेत ती एका दिवसाच्या आत फुटतात आणि अळ्या जिवंत कातडी खायला लागतात. जूनपासून सप्टेंबरअखेरपर्यंत सकाळ-संध्याकाळ शेपटीखाली बघायचंच. तांदळाच्या कणीएवढे पांढरट ठिपके म्हणजे अंडी, ती फणीने काढून टाका. अळी दिसली तर तो तातडीचा प्रसंग आहे, रात्र असली तरी डॉक्टर गाठायचा. गुरांच्या जखमेत ओततात तसं टर्पेंटाईन किंवा फिनेल सशाला लावू नका, आणि तो भाग भिजवूही नका, भिजलेले केस कापायला डॉक्टरांना त्रास होतो.

लेंड्या केसाने एकमेकींना जोडलेल्या येतात. पोटात केसांचा गोळा होऊ नये म्हणून पपई आणि अननसाचा रस देतो, मांजरांसाठी मिळणारी पेस्टही आणली. बरोबर आहे ना? — एक वाचक, हडपसर

नाही. पपई-अननसातल्या घटकांनी केस विरघळत नाहीत. उलट त्या गोडीने पोटातले जिवाणू बिघडतात. मांजर गोळा ओकून टाकतं, सशाला उलटी करताच येत नाही, म्हणून मांजराची औषधं त्याच्या उपयोगाची नाहीत.

केस तर प्रत्येक सशाच्या पोटात रोज जातात आणि आतडं नीट चालत असेल तर लेंड्यांतून निघून जातात. आतडं चालवतं ते गवत. गवत कमी, पाणी कमी, ताण जास्त झाला की आतडं मंदावतं, मग आत असलेले केस आणि अन्न घट्ट होतं. म्हणजे केसांमुळे पोट बंद पडतं असं नाही, बहुतेकदा पोट मंदावल्यामुळे केस साचतात. ब्रश हवाच, पण ब्रशने अर्धंच काम होतं.

म्हणून आहार तपासा. दिवसभरात सशाच्या आकाराएवढा वाळक्या गवताचा ढीग संपला पाहिजे. पुण्यात ऱ्होड्स, ओट किंवा टिमोथी गवत पाळीव प्राण्यांच्या दुकानांत मिळतं. हरळीही उत्तम. गणपतीत मिळणाऱ्या दूर्वांच्या जुड्या धुऊन, पाणी निथळून देता येतात. रस्त्याच्या दुभाजकावरची किंवा सोसायटीच्या फवारलेल्या लॉनची हरळी मात्र नको. लसूणघास सहा महिन्यांच्या आतल्या पिलांना ठीक, मोठ्याला रोज दिला तर कॅल्शियम फार होतं. कोवळ्या ज्वारीचा हिरवा चारा देऊ नका, त्यात विषारी द्रव्य असतं. खुराक किलोमागे 25 ग्रॅम, म्हणजे दोन किलोच्या सशाला दिवसाला 50 ग्रॅम, त्याहून जास्त नाही. पाणी बाटलीपेक्षा जड वाडग्यात ठेवा, वाडग्यातून ससे जास्त पाणी पितात.

जोडलेल्या लेंड्या गळतीच्या दिवसांत अधूनमधून दिसल्या तर गवत वाढवा, विंचरणं वाढवा. पण लेंड्या लहान व्हायला लागल्या, कमी झाल्या, ससा कोपऱ्यात अंग चोरून बसला, दात करकरा वाजवू लागला तर सावध व्हा. दहा-बारा तास खाणं नाही आणि लेंडी नाही, म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर. 'उद्या सकाळी बघू' म्हणण्यात ससे जातात. पोट फुगून ताठ झालं असेल तर घरी चोळू नका, सिरिंजने भरवूही नका. आत अडथळा असेल तर त्याने जिवाला धोका होतो. सगळेच पशुवैद्य ससे तपासतात असं नाही. कोण तपासतं, त्यांच्याकडे रात्री कुणी असतं का, हे आजच, ससा ठणठणीत असताना विचारून फोन नंबर भिंतीवर लावून ठेवा.

अंगोरासारखा लांब केसांचा ससा आहे. कानामागे आणि काखेत घट्ट जटा झाल्यात. कात्रीने कापू का? — एक वाचक, बिबवेवाडी

कात्री नको. जटेबरोबर कातडीही वर उचलली जाते आणि केस समजून कातडीच कापली जाते. ही चूक फार जणांच्या हातून होते, आणि जखम मोठी होते कारण कातडी फाटत जाते.

जटेत थोडं कॉर्नफ्लॉर घाला, मुळाशी बोटांनी घट्ट धरा आणि दुसऱ्या हाताने जट केसांच्या लांबीच्या दिशेने उकलत दोन-तीन भाग करा. मग कंगवा टोकाकडून. एका बैठकीत एकच जट. अगदी कातडीला चिकटलेल्या जटा दवाखान्यात बारीक यंत्राने काढून घ्या. हनुवटीखालची जट ओली असेल तर लाळ गळते आहे, म्हणजे दात तपासायला हवेत.

असे केस विंचरून पुरे पडत नाहीत. दर तीन महिन्यांनी सगळीकडे साधारण एक इंच ठेवून कापून घ्या. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा 40 च्या आसपास जातो आणि सशाला तिशीच्या पुढचं तापमानच झेपत नाही, त्यामुळे मार्चमध्ये एकदा कापणं टाळू नका. सफाचट मात्र करायचं नाही. तळपायांचे केस तर कापूच नका, तेच त्याचं पायताण आहे. मिशाही तशाच ठेवा.

आमची मादी छातीचे केस स्वतःच उपटून तोंडात घेऊन फिरते. ही गळतीच का? — एक वाचक, सिंहगड रस्ता

नाही. ती घरटं करते आहे. नर जवळ आला असेल तर ती खरंच गाभण असू शकते. पिलं साधारण 31 दिवसांत होतात. एकटीच असेल तर हा गर्भाचा भास आहे, दोन-तीन आठवड्यांत ओसरतो. या काळात तिला विंचरायला जाऊ नका, अंगावर येईल. घरटं मोडू नका, गवत भरपूर ठेवा. वारंवार होत असेल तर गर्भाशय काढण्याबद्दल डॉक्टरांशी बोला. वयस्क माद्यांना गर्भाशयाचा कर्करोग फार होतो, तोही टळतो.

पाठीवर कोंड्याचे मोठे पापुद्रे पडतात, ब्रश लावला की ससा वळून चावतो. माझ्या हातांवरही बारीक लाल पुरळ आलं आहे. कुत्र्याचं मानेवर टाकायचं औषध घरात आहे, ते चालेल? — एक वाचक, औंध

ते औषध टाकू नका. कुत्र्यांच्या अशा अनेक औषधांत फिप्रोनिल असतं, ते सशाला झटके आणून मारू शकतं.

तुमचं वर्णन केसांत राहणाऱ्या किडीचं वाटतं. उजेडात काळ्या कापडावर फणीने कोंडा पाडा आणि थोडा वेळ बघत राहा. एखादा पापुद्रा सरकताना दिसला तर जवळजवळ खात्रीच. नाही दिसला तरी पाठीवर पारदर्शक चिकटपट्टी दाबून उचला, ती काचेवर चिकटवून डॉक्टरांकडे न्या, सूक्ष्मदर्शकाखाली कळेल. औषध सशाच्या वजनावर ठरतं आणि साधारण दोन आठवड्यांनी पुन्हा द्यावं लागतं. एकदाच देऊन थांबलात तर अंड्यांतून नवे किडे निघतात. घरातल्या सगळ्या सशांना औषध एकाच वेळी द्या. गोणपाट आणि सतरंजी गरम पाण्यात धुऊन उन्हात टाका.

केस गोल चकत्यांनी गेले असतील आणि कडा खरखरीत असेल तर मात्र नायटा धरा. दमट दिवसांत तो वाढतो आणि माणसांनाही लागतो. तुमच्या पुरळासाठी त्वचेच्या डॉक्टरांकडे जाल तेव्हा घरात ससा आहे हे आवर्जून सांगा. आपलं मलम सशाला लावू नका, तो ते चाटतो. ब्रश त्याचा वेगळा ठेवा, आणि बरा होईपर्यंत ब्रशही नको. खाजणाऱ्या, दुखऱ्या कातडीवर कुणी ब्रश फिरवला तर तो चावणारच. औषधाने खाज थांबली की महिन्याभराने पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे नव्याने सुरुवात करा, नुसत्या हातापासून.